मोजके मसाले, भरपूर चव: कमी खर्चात घरच्यांसाठी रोजचा स्वयंपाक

किराणा मोजून-मापून भरावा लागतो तेव्हा सगळ्यात आधी जेवणातली चव हरवते. डाळ, तांदूळ, बटाटे, कोबी, अंडी यांवर घर चालतं, पण आठवडाभरात घरातली माणसं ताट बघून नाक मुरडायला लागतात. मग एखाद्या संध्याकाळी कंटाळून बाहेरून काहीतरी मागवलं जातं आणि आठवडाभर वाचवलेले पैसे त्या एका जेवणात जातात.

यात डाळीचा किंवा कोबीचा काही दोष नाही. हे जिन्नस स्वतः सौम्य असतात, त्यामुळे मसाल्याची चव चटकन अंगी लावून घेतात. फक्त तो मसाला योग्य वेळी आणि योग्य आचेवर पडायला हवा. वीस डबे भरून मसाले असलेल्या घरातही जेवण सपक होऊ शकतं, आणि पाच मसाल्यांवर महिनाभर रुचकर स्वयंपाक होतो. स्वयंपाकाला नव्याने सुरुवात करत असाल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करत जा.

पहिली पायरी: पाच मसाले घ्या, जास्त नको

सुरुवातीला जिरं, धने, काळी मिरी, हळद आणि सुक्या लाल मिरच्या एवढंच घ्या. सोबत कांदा, लसूण, आलं आणि आंबटपणासाठी लिंबू, चिंच किंवा साधं व्हिनेगर, यांपैकी जे स्वस्त मिळेल ते. हे पाच मसाले हातात बसले, कोणता कधी टाकायचा हे विचार न करता जमू लागलं, की पुढच्या महिन्यात मोहरी, दालचिनी आणि तमालपत्र आणा. केशर, वेलची, जायफळ यांची घाई नको. केशराचा एकेक तंतू फुलातून हाताने खुडावा लागतो, म्हणून ते महाग असतं. रोजच्या डाळीचं त्यावाचून काही अडत नाही.

हळद सोडून बाकी सगळं अखंड घ्या. हळकुंड घरी दळणं कठीण, म्हणून तिची पूडच बरी. अखंड दाण्यातला सुगंध आत कोंडलेला राहतो, त्यामुळे तो नीट ठेवला तर वर्ष-दोन वर्षं टिकतो. पूड केली की सुगंध उडायला लागतो आणि काही महिन्यांत हातात नुसता रंगीत भुगा उरतो. शिवाय अखंड दाण्यात भेसळ करणं अवघड असतं, आणि केलीच तर डोळ्यांना दिसते.

तयार मसाल्याची पाकिटं घेण्याआधी मागचा मजकूर जरूर वाचा. घटकांची यादी सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत मीठ, साखर किंवा पीठ असेल, तर तुम्ही मसाल्याच्या भावाने मीठ विकत घेताय.

मसाल्यावरचा खर्च जास्त वाटतो कारण तो एकदम होतो. प्रत्यक्षात हिशेब वेगळा निघतो. जिऱ्याचा एक छोटा चमचा (५ मिली) साधारण २ ग्रॅम भरतो. म्हणजे १०० ग्रॅम जिऱ्यात ४५ ते ५० चमचे होतात, आणि चार माणसांच्या भाजीला एक चमचा पुरतो. तुमच्याकडच्या भावाला पन्नासने भागून बघा. जेवणाच्या एकूण खर्चात मसाल्याचा वाटा किती लहान आहे ते कळेल. म्हणून काटकसर करायची तर ती मांस, चीज, तयार पदार्थ यांत करावी. मसाल्यात हात आखडता घेऊ नये.

डबे शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका. उष्णता, उजेड आणि ओल, तिन्ही तिथे एकत्र असतात. उकळत्या पातेल्यावर डबा उपडा करून मसाला भुरभुरवण्याची सवयही सोडा. वाफ आत शिरते आणि उरलेल्या पुडीच्या गुठळ्या होतात. कोरड्या चमच्याने काढा, आणि डब्यावर आणल्याचा महिना लिहून ठेवा. मसाला जुना झालाय का ते ओळखायचं तर चिमूटभर तळहातावर घेऊन चोळा आणि वास घ्या. वास शोधावा लागला तर तो मसाला जेवणातही सापडणार नाही.

दुसरी पायरी: भाजा, कुटा, थोडंच करा

रोजच्या वापरासाठी एकच पूड घरात तयार ठेवा: दोन भाग धने, एक भाग जिरं. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, तेल न घालता आधी धने टाका. त्यांचा आकार मोठा, त्यामुळे त्यांना तीन-चार मिनिटं लागतात. सतत हलवत राहा. रंग जेमतेम एक छटा गडद झाला आणि वासातला गवताळपणा जाऊन खमंगपणा आला, की जिरं घाला. जिऱ्याला मिनिटभर पुरतं. आच बंद केल्यावर मसाला कढईतच राहू देऊ नका. ती तापलेली असते आणि भाजणं चालूच राहतं. लगेच ताटात पसरा.

पूर्ण गार झाल्यावरच दळा. कोमट असताना दळलं तर अडकलेल्या वाफेने पूड दमट होते आणि लवकर खराब होते. मिक्सर नसेल तर जाड कापडात गुंडाळून लाटण्याने ठेचा. थोडी भरड राहिली तरी चालते, मला तर ती जास्त आवडते, कारण खाताना मध्येच एखादा कण दाताखाली येतो आणि तोंडात वास भरतो. दोन-तीन आठवड्यांना पुरेल एवढीच पूड करा.

तिसरी पायरी: फोडणी

सगळ्या लेखातून एकच गोष्ट शिकायची झाली तर ही शिका. मसाल्यांतले बहुतेक सुगंधी घटक पाण्यापेक्षा तेलात फार चांगले विरघळतात. हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणाही तेलातच नीट उतरतो. पाण्यात उकळलेला मसाला वाफेबरोबर स्वयंपाकघरभर दरवळतो, आणि तेवढा वास पातेल्यातून कमी होतो. तेलात परतलेला मसाला तेलात उतरतो आणि ते तेल प्रत्येक घासाला लागतं.

चार माणसांच्या डाळीला दोन मोठे चमचे तेल पुरतं. हे तेल मध्यम आचेवर तापवा आणि त्यात जिऱ्याचा एकच दाणा टाकून बघा. दाणा तळाशी गप्प बसला तर थांबा. त्याच्याभोवती बारीक बुडबुडे येऊन तो वर आला, तर तेल तयार आहे. टाकल्याटाकल्या काळा पडला तर तेल फार तापलंय. पातेलं खाली उतरवा आणि थोडं निवू द्या.

आता क्रम. जे सावकाश जळतं ते आधी, जे लवकर जळतं ते शेवटी. मोहरी असेल तर सर्वांत आधी. तिच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि टरफल फुटून ती उडते, म्हणून झाकण हाताशी ठेवा. तडतड मंदावली की जिरं; दहा-पंधरा सेकंदांत ते फुलतं आणि तांबूस होतं. मग सुकी मिरची, दोन तुकडे करून. मग ठेचलेला लसूण. लसूण फिकट सोनेरी दिसला की पुढची कृती करायची, कारण तो गडद होईपर्यंत वाट पाहिली तर ताटात येईपर्यंत कडू झालेला असतो.

सगळ्यात नाजूक असतात पुडी. हळद, तिखट, धने-जिरे पूड गरम तेलात काही सेकंदांत करपतात. त्यांच्यासाठी आच बंद करा, किंवा पुडी आधीच दोन चमचे पाण्यात कालवून ती पेस्ट तेलात सोडा. पाणी असेपर्यंत मसाला जळत नाही आणि तुम्हाला मिनिटभर सवड मिळते. नवशिक्यांना मी ही दुसरी रीतच सुचवेन. पेस्टमधलं पाणी आटून कडेने तेल सुटायला लागलं आणि कच्चट, उग्र वास गेला, की मसाला तयार झाला.

फोडणी करपली तर ती फेकून द्या आणि नव्याने करा. दोन चमचे तेल आणि चमचाभर जिरं वाचवायला जाल आणि पातेलंभर डाळ कडू होईल. कमी पैशांत घर चालवताना काहीही फेकणं जिवावर येतं, पण इथे न फेकणं जास्त महागात पडतं.

आणखी एक गोष्ट जमली की तीच डाळ वेगळी लागायला लागते. सुरुवातीला टाकलेला मसाला शिजून मुरतो, त्याची चव खोल आणि शांत होते. शेवटी टाकलेल्याचा वास ताजा, ठळक राहतो. म्हणून मसाला दोन वाट्यांत विभागा. अर्धा कांद्याबरोबर सुरुवातीला जाऊ द्या. उरलेला, थोड्या तेलातल्या छोट्या फोडणीच्या रूपात, आच बंद करताना वरून ओता आणि लगेच झाकण ठेवा.

चौथी पायरी: कांद्याला वेळ द्या

महागड्या मांसाने रश्श्याला जो भरीवपणा येतो, त्यातला बराचसा नीट परतलेल्या कांद्यातून मिळवता येतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, आणि पदार्थाला तांबूस रंग व भाजका खमंगपणा देणारी रासायनिक क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती १९१२ साली मांडली म्हणून तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. स्वयंपाकापुरता तिचा अर्थ असा की कांद्यातलं पाणी निघून गेल्याशिवाय तो तांबूस होणार नाही. पातेल्यात दाटीवाटीने कांदा भरलात, झाकण लावलंत, तर तो उकडत राहील आणि पांढराच राहील.

चार मोठे कांदे उभे चिरा, रुंद कढईत दोन चमचे तेलावर टाका आणि चिमूटभर मीठ घाला. मिठाने कांद्याचं पाणी लवकर सुटतं. पहिली दहा मिनिटं मध्यम आचेवर, मग मंद. तळाला तपकिरी थर चिकटायला लागला की एक चमचा पाणी शिंपडून तो खरवडून घ्या, पुन्हा आटू द्या. असं तीन-चारदा करा. त्या थरातच चव आहे, ती भांडी घासताना नळाखाली जाऊ देऊ नका. एकूण अर्धा तास ते चाळीस मिनिटं लागतात. घाई करायला मोठी आच केली तर कडा जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो.

रोज एवढा वेळ कुणाकडे नसतो. सुट्टीच्या दिवशी मोठा घाणा काढा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवलात तर महिनाभर दर वेळी दोन-दोन वड्या काढून वापरता येतात.

लसणाचं थोडक्यात: पाकळी चिरली किंवा ठेचली की तिच्यातली दोन वेगवेगळी द्रव्यं एकत्र येतात आणि तो तिखट दर्प तयार होतो. जितका बारीक ठेचाल तितका लसूण उग्र. अख्खी पाकळी सालासकट भाजली तर ती गोडसर, लोण्यासारखी मऊ होते. म्हणजे एकाच गड्ड्यातून दोन चवी मिळतात. ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला, तर शिजवल्यावरही त्याचा ठसका बऱ्यापैकी राहतो.

पाचवी पायरी: डाळी-कडधान्यं नीट शिजवा

कोरडं कडधान्य शिजल्यावर सुमारे अडीच ते तीन पट फुगतं. डबाबंद घेण्यापेक्षा कोरडं घेऊन घरी शिजवणं बहुतेक ठिकाणी बरंच स्वस्त पडतं. भिजवताना एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ घाला. मिठाने कडधान्य कडक राहतं असं अनेकांना वाटतं, पण भिजवणाच्या पाण्यातलं मीठ सालं मऊ करतं आणि चव आतपर्यंत नेतं. कडक ठेवतो तो आंबटपणा. टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही दाणा बोटांत सहज चेपला जाईपर्यंत घालू नका. तासभर शिजवूनही डाळ शिजत नाही अशी तक्रार असेल, तर आधी टोमॅटो कधी घातला ते आठवून बघा.

राजम्याच्या बाबतीत सावध राहा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, आणि अर्धवट शिजलेले थोडे दाणेही उलट्या-जुलाब घडवू शकतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. कमी आचेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका.

आता पहिलं पूर्ण जेवण, चार माणसांसाठी. २०० ग्रॅम मसूर डाळ धुऊन ८०० ते ९०० मिली पाण्यात शिजत लावा. वर येणारा फेस काढून टाका. वीसेक मिनिटांत ती मऊ होते. तोवर दुसरीकडे दीड मोठा चमचा तेल तापवून अर्धा चमचा जिरं, एक बारीक चिरलेला कांदा, थोडं किसलेलं आलं असं क्रमाने परता. कांदा तांबूस झाला की पाव चमचा हळद आणि एक चमचा धने-जिरे पूड पाण्यात कालवून घाला. तेल सुटलं की एक चिरलेला टोमॅटो, आणि तो विरघळला की हे सगळं डाळीत. मीठ घालून पाच मिनिटं उकळा. शेवटी अर्धा मोठा चमचा तेलात उरलेलं अर्धा चमचा जिरं, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि एक सुकी मिरची यांची फोडणी करून वरून ओता. सोबत भात. लहान मुलं असतील तर त्यांची डाळ ही शेवटची फोडणी ओतण्याआधीच काढून ठेवा. मोठ्यांचं तिखट त्यासाठी कमी करायला लागत नाही.

हीच पद्धत कोबीला, बटाट्याला, दुधी भोपळ्याला, अंड्यांच्या रश्श्यालाही चालते. भाजी बदला, मुख्य मसाला बदला. एक दिवस जिरं पुढे, एक दिवस मिरी आणि आलं पुढे, एक दिवस धने पुढे आणि जिरं अजिबात नाही. सगळे मसाले सगळ्यांत टाकले की आठवड्याच्या सगळ्या भाज्या सारख्याच लागतात. घरच्यांना "रोज तेच तेच" वाटतं ते बहुधा यामुळे.

सहावी पायरी: सुवासिक पाला

पाल्याचे दोन गट लक्षात ठेवले की पुरे. मऊ पानांचा पाला, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, शेपू, बेझिल, आच बंद केल्यावर किंवा शेवटच्या मिनिटाला घालायचा. जाड किंवा काटक पानांचा, म्हणजे तमालपत्र, रोझमेरी, थाइम, सुरुवातीलाच, कारण त्यांना चव सोडायला वेळ लागतो. वाळलेली पानं ताज्यांपेक्षा तीव्र असतात. जिथे ताजी चिरलेली पानं एक मोठा चमचा सांगितली असतील तिथे वाळलेली एक छोटा चमचा पुरतात.

कोथिंबिरीच्या काड्या टाकून देऊ नका. पानांइतकाच, किंबहुना जास्त स्वाद त्यांत असतो. काड्या बारीक चिरून कांद्याबरोबर परता, पानं शेवटी घाला. जुडी आणल्यावर पिवळी, सडकी पानं निवडून टाका आणि ती किंचित दमट फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. सुकायला लागली तर चिरून थोड्या पाण्यासकट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वर भुरभुरवायला उपयोगी नाही, पण रश्श्यात उत्तम.

पुदिना विकत घ्यायचा तो एकदाच. त्याची काडी पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, मग ती कुंडीत लावा. धनेही पेरता येतात. स्वयंपाकाच्या डब्यातला दाणा हलक्या हाताने दाबून दोन भाग करा, कारण एका धन्यात दोन बिया असतात. उगवायला एक ते तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

सातवी पायरी: वाढण्याआधी चाखा

सगळं करूनही काहीतरी कमी वाटलं, तर लगेच आणखी मसाला टाकू नका. आधी चिमूटभर मीठ घालून ढवळा आणि पुन्हा चाखा. अजून मिळमिळीत वाटलं तर काही थेंब लिंबू किंवा व्हिनेगर. बऱ्याचदा एवढ्यानेच झोपलेला मसाला जागा होतो. त्यानंतरही गरज वाटली तरच मिरपूड किंवा ताजी फोडणी. शेवटच्या क्षणी कोरडी, कच्ची मसाला पूड भुरभुरवली तर तोंडात भुकटी लागते आणि कडवटपणा येतो. अपवाद भाजलेल्या जिऱ्याच्या पुडीचा आणि मिरपुडीचा. मीठ जास्त झालं असेल तर पाणी, न मिठलेली शिजलेली डाळ किंवा भाजी वाढवा. बटाटा टाकल्याने मीठ शोषलं जातं असं म्हणतात, पण तो फक्त आपल्यापुरतं खारट पाणी पितो. बाकी रस्सा तेवढाच खारट राहतो.

उरलेलं अन्न

एका दिवशी दुप्पट कडधान्य शिजवा आणि निम्मं मसाल्याशिवाय बाजूला ठेवा. आज त्याचा कांदा-टोमॅटोचा रस्सा झाला तर उद्या तेच कोरडं परतून, वर मिरपूड, लिंबू आणि भरपूर पुदिना घालून भाताबरोबर. परवा उरलेलं चेपून, उकडलेला बटाटा आणि धने-जिरे पूड मिसळून टिक्क्या. शिजवलेल्या पाण्यात चव आणि दाटपणा दोन्ही असतात, त्यामुळे ते रश्श्यात किंवा सूपमध्ये वापरा. भिजवण्याचं पाणी मात्र ओतून द्या.

दोन बाबतींत काटकसर आड येऊ देऊ नका. उरलेला भात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नका. त्यात शिजवूनही टिकून राहणारे जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ताटलीत पसरून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसरं, कच्चा लसूण किंवा ताजा पाला तेलात बुडवून बरणी बाहेर फळीवर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलात बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जिवाणू वाढू शकतात आणि बरणीकडे बघून किंवा वासावरून ते कळत नाही. असं तेल लागेल तेवढंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर वड्या करून गोठवा.